मदत हवी आहे : हा लोखंडी चिमटा नेमका कशाचा?

मंडळी, बुधवारी गोव्यात हणजूणच्या बाजारात जुन्या कुलपांच्या ढिगाखाली एक वस्तू सापडली. विकणाऱ्याला एवढंच ठाऊक होतं की 'पोर्तुगीज काळातली आहे'.

दीड हात लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा, वजनाला चांगलाच जड. टोकाला दोन गोल तबकड्या, एकमेकींवर घट्ट बसतात. एक सपाट. दुसरीवर एक मोठं वर्तुळ आणि दोन लहान कोरलेली. मोठ्यात क्रूस, खाली तीन खिळे, आणि आय-एच-एस ही अक्षरं (येशूच्या ग्रीक नावाचं लघुरूप), जुन्या गोव्यात बॉं जेजूस चर्चच्या दर्शनी भिंतीवर दिसतात तीच. पण इथे क्रम उलटा: आधी एस, तोही आरशात दिसावा तसा. म्हणजे ठसा सुलटा उमटायला हवा, हे नक्की.

मला वाटतं, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या वेळी देतात ती पातळ पापडी भाजायचा हा साचा असावा. मोठी पाद्रींसाठी, लहान भाविकांसाठी. शेजारच्या मावशी मात्र म्हणतात, नाताळच्या गोडाचा असेल. पण गोडाच्या साच्यावर खिळे कशाला कोरतील?

कुणाच्या घरी किंवा चॅपेलमध्ये असा चिमटा पाहिलाय का? कोरीवकामावरून काळ सांगता येईल का? जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात तो दाखवायला नेणारच आहे. तोवर गंज काढू की तसाच ठेवू? अजून कोरड्या फडक्यापलीकडे काहीही लावलेलं नाही. रेघा फार नाजूक आहेत, घासताना पुसल्या जातील याची धास्ती वाटते.