‘इस्फहान’ ऐकताना इस्फहान दिसलं तर चुकलं का?

चर्नीरोड_स्लो:
रात्रपाळी संपवून घरी आलो की मी एकच गत लावतो, अमेरिकन जॅझवाले ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची ‘इस्फहान’. नाव इराणमधल्या शहराचं. शब्द नाहीत, गायक नाही. पुढे जॉनी हॉजेसचा आल्टो सॅक्सोफोन, मागे बाकीचा ताफा. सूर मींड घेत खाली येतो तिथे मला निळ्या घुमटांवरून ऊन उतरताना दिसायचं. ‘इस्फहान, निस्फ-ए-जहान’, म्हणजे इस्फहान हे अर्धं जग, ही म्हण धोबीतलावच्या एका इराणी हॉटेलात गल्ल्यावरच्या काकांकडून ऐकली होती. तीही त्यात मिसळली.

परवा वाचलं की ही चाल एलिंग्टनचा जोडीदार रचनाकार बिली स्ट्रेहॉर्नने ताफ्याच्या १९६३ च्या पूर्वेकडच्या दौऱ्याच्या काही महिने आधीच बांधली होती आणि तिचं नाव होतं ‘एल्फ’, म्हणजे परीकथेतला छोटा जीव. त्या दौऱ्यात ताफा आपल्या मुंबईतही वाजवून गेला. पुढे डिसेंबर १९६६ मध्ये ‘फार ईस्ट स्वीट’ या अल्बमचं ध्वनिमुद्रण झालं, त्यात हीच चाल ‘इस्फहान’ झाली.

दोन दिवस मन खट्टू होतं. तरी मला वाटतं की नावावरून अर्थ लावत ऐकणं चूक नाही. बिनशब्दांच्या संगीतात रचनाकाराने हातात दिलेला शब्द तेवढा एकच असतो, तो टाकून कसा द्यायचा? तुमचं काय मत?

खालचा_सा:
साफ असहमत. तुम्ही हॉजेसला ऐकतच नव्हता, लेबल ऐकत होता. वर ‘मींड’ म्हणालात, तेवढं खरं ऐकणं. घुमट तुम्ही घरून आणलेत. त्या अल्बमचं नावच घ्या. म्हणे ‘फार ईस्ट’, आणि आत इराण, दिल्ली, आग्रा. खरा अतिपूर्वेचा म्हणावा असा जपानवरचा एकच तुकडा. अशा नावांवर अर्थाचा इमला कशाला चढवायचा? कुमारजींनी १९६९ मध्ये गांधी शताब्दीला गांधी मल्हार केला. नाव न सांगता कुणाला ऐकवा, तो मल्हार ओळखेल, गांधी ओळखणार नाही.

गिरणगाव:
@खालचा_सा, गांधी मल्हाराला बंदिश आहे, शब्द हाताशी आहेत. ते उदाहरण इथे लागू नाही.

माझं उदाहरण जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘अलाबामा’. १५ सप्टेंबर १९६३ ला त्या राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला, चार मुली गेल्या. दोनच महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, हे मुद्रित झालं. सुरुवातीला पियानोचा खर्ज नुसता घुमत राहतो आणि त्यावर सॅक्सोफोन सावकाश बोलतो, कुणी मयताच्या घरी बोलावं तसं. नाव काढून टाका. दुःख उरेल, पण कुणाचं ते उरणार नाही. हा तपशील किरकोळ आहे असं मला कुणी सांगू नये. ते नाव तिथे साक्षीला उभं आहे.

खालचा_सा:
‘अलाबामा’पुरतं मान्य. तिथे नाव आणि चाल एकाच घावातून आली. ‘इस्फहान’चं तसं नाही, मुद्दा तोच आहे.

आल्टो_दादर:
लग्नाच्या बँडपासून हॉटेलापर्यंत सगळीकडे वाजवलंय, म्हणून लिहितो. ही चाल डी-फ्लॅट या पट्टीत आहे, आल्टोसाठी सूर वेगळ्या नावाने लिहितात म्हणून माझ्या आल्टोवर ती बी-फ्लॅटमध्ये येते. स्टेजवर आम्ही इस्फहानही म्हणत नाही आणि एल्फही नाही, ‘ते डी-फ्लॅटमधलं स्लो’ एवढंच. मधे सगळा ताफा थांबतो आणि आल्टो एकटा राहतो. त्या क्षणी डोक्यात शहरबिहर काही नसतं, श्वास पुरेल का एवढंच असतं. तरी एक सांगतो. नाव बदललं की वाजवणं बदलतं. एल्फ मनात धरला तर माझी बोटं हलकी पडतात, फुंक तोडली जाते. इस्फहान मनात धरलं तर मी सूर सोडायला उशीर करतो. करून पाहिलंय.

गिरणगाव:
याच अल्बममधलं ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ विसरू नका. स्ट्रेहॉर्नने दिल्लीत ऐकलेल्या मैनेची लकेर त्यात जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटवर पुन्हा पुन्हा येते. तिथे नाव थेट सुरात आहे. एकाच तबकडीवर एक नाव सुरातून उगवलेलं आणि एक नंतर दिलेलं, मग सगळ्यांना एकच नियम कसा लावणार?

चर्नीरोड_स्लो:
आल्टो_दादर यांचं वाचून काल एक केलं. आईला नाव न सांगता गत ऐकवली. ती मेथी निवडत होती. तो एकट्या आल्टोचा तुकडा आला तशी तिचा हात थांबला. म्हणाली, “कुणीतरी रात्री उशिरा घरी आलंय. कुणाची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन चाललंय.” मी रोज तसाच येतो. ती जागी असते हे मला माहीत नव्हतं.

खालचा_सा:
बघा, आईंनी नाव न वाचता ऐकलं. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

चर्नीरोड_स्लो:
पण अर्थ लावलाच की तिने!