बी विंग : शेवंतीच्या ओरडण्याबद्दल

देशपांडे काका (बी-४०२): मेघना, तक्रार म्हणून नाही, काळजीने विचारतोय. तुमची शेवंती, ती तुऱ्याची छोटी परदेशी पोपटीण, कॉकटिएल, आठवडाभर पहाटे साडेपाचला जी सुरू होते ती सातपर्यंत थांबत नाही. काकूंची झोप आधीच कमी. पक्ष्याला काही दुखतंय का?

मेघना (बी-३०२): काका, काकूंना माझ्याकडून सॉरी सांगा. दुखत नाहीये तिला. तिचा विणीचा हंगाम सुरू झालाय. आम्हालाच हे उशिरा कळलं.

शिल्पा (ए-१०४): पण तुमच्याकडे नर कुठे आहे?

मेघना (बी-३०२): नर लागत नाही गं. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी घालतेच की, तसंच.

रोहन (ए-६०१): मग एक नर आणून टाका ना मेघनाताई, एकटी कंटाळली असेल.

मेघना (बी-३०२): रोहन, आम्ही दाणे घेतो त्या दुकानदारानेही हेच सुचवलं, वर अंडी घालायला लाकडी पेटी लाव म्हणाला. दोन्ही नाही करणार. आज सुट्टी आहे, तर सगळं नीट सांगते. बाकीच्यांकडेही पक्षी आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवंती चपलांच्या कपाटात शिरायला लागली. दार उघडं दिसलं की चालत चालत थेट मागच्या कोपऱ्यात. लाइटबिल तिने चोचीने कातरून बोटभर लांबीच्या पट्ट्या केल्या आणि त्या ओढत आत नेल्या. मी हात घातला तर अंगठ्याला असा चावा घेतला की रक्त आलं. चार वर्षांत पहिल्यांदा. मी ओरडले, ह्यांनी पिंजऱ्यावर कापड टाकलं, आणि ती दुप्पट किंचाळायला लागली. ती हट्टी झाली असं आम्ही धरून चाललो होतो. त्या बिचारीला शिक्षा केली याचं मला फार वाईट वाटतं.

कॉकटिएल मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातले. तिथे पाऊस कधी येईल त्याचा नेम नाही. तो आला, गवताला दाणा धरला, की हे पक्षी झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. आता आमचं घर तिच्या नजरेने बघा. बाहेर पाऊस. जूनमध्ये पुण्याचा दिवस १३ तासांच्या वर, त्यात आमच्या हॉलची ट्यूब रात्री साडेअकरापर्यंत चालू. म्हणजे तिचा दिवस जवळजवळ १८ तासांचा. वाटी कायम भरलेली. अंधारं कपाट म्हणजे आयती ढोली. तिच्या शरीराने याचा एकच अर्थ लावला, की घरटं करायची वेळ झाली. चावा आणि ओरडणं त्या घरट्याच्या राखणीसाठी.

देशपांडे काका (बी-४०२): मग आता करायचं काय?

मेघना (बी-३०२): तिचा दिवस लहान करायचा, काका. संध्याकाळी सातला पिंजरा मागच्या खोलीत, पडदे ओढून, सकाळी सातपर्यंत. अगदी मिट्ट काळोख मात्र नाही, कॉकटिएल रात्री दचकून फडफडतात आणि पंख मोडून घेतात. बाहेरच्या बोळातला झिरोचा दिवा ठेवलाय. चपलांच्या कपाटाला कडी लावली, पिंजऱ्यातला कापडी झोपाळा काढला. सूर्यफुलाच्या बिया बंद, त्यात चरबी फार. आरसाही काढला.

सगळ्यात अवघड गेलं ते आमच्या आईंना सांगणं. त्या रोज संध्याकाळी शेवंतीला मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवायच्या आणि गरम मऊ भात बोटावर घेऊन भरवायच्या. पाठ आणि पंखाखाली हात लावणं हे पक्ष्याला जोडीदाराचं वागणं वाटतं. बऱ्याच पोपटांमध्ये नर मादीला आपल्या पोटातला मऊ दाणा भरवतो, तसाच तो गरम भात. आईंनी ऐकून घेतलं आणि हात पदरात घेऊन बसल्या. एवढंच म्हणाल्या, "मग मी तिला काय करू?" फक्त डोकं आणि मान खाजवायची, आई. तेवढं चालतं.

शिल्पा (ए-१०४): आरशाचं वाचून धक्का बसला. आमचा बजरीगर, म्हणजे तो छोटा पोपट, दिवसभर आरशावर दाणे ओकतो. मला वाटलं पोट बिघडलं.

मेघना (बी-३०२): आरशातल्याला जोडीदार समजून भरवत असेल. आजच काढ. वजन उतरलं किंवा डोकं झटकून इकडेतिकडे ओकायला लागला तर मात्र तो आजार, डॉक्टरकडे ने.

कुलकर्णी आजोबा (सी-१०२): पोपट पाळणे कायद्याने गुन्हा आहे असे वाचले आहे. सोसायटीवर काही येणार नाही ना?

मेघना (बी-३०२): आजोबा, बरं विचारलंत. आपल्याकडचा हिरवा राघू आणि मोठा पहाडी पोपट हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात, ते पाळता येत नाहीत. कॉकटिएल परदेशी, पिंजऱ्यातच पैदास झालेला, त्यात येत नाही. राघूचं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर घरात नेऊ नका, वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.

सलीमभाई (सी-५०१): मेघनाताई, माझे वडील पक्षी पाळायचे म्हणून सांगतो. सकाळची विष्ठा बघत जा. मोठा गोळा आणि घाण वास आला तर समजा अंडं जवळ आलं. ती रात्रभर धरून ठेवते. आणि पिंजऱ्यात समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, टांगा, कवचाला कॅल्शियम लागतं.

मेघना (बी-३०२): सलीमभाई, कालपासून तसंच आहे! समुद्रफेस आणते. शेवग्याचा पालाही देते. पालक नको ना?

सलीमभाई (सी-५०१): पालकाने उलट कॅल्शियम अडतं. आणि सकाळी थोडं कोवळं ऊन, काच उघडून. काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही. समोर बसून राहा, घारी असतात.

*— बुधवार —*

मेघना (बी-३०२): पहिलं अंडं सोमवारी आलं होतं. पांढरं, सुपारीपेक्षा थोडं मोठं.

रोहन (ए-६०१): काढून टाकलं का?

मेघना (बी-३०२): नाही. काढलं की संख्या भरायला ती आणखी घालत राहते आणि अंगातलं कॅल्शियम संपतं. चार-सहा घालून बसू दे, यातून पिल्लू होणार नाही.

मेघना (बी-३०२): रात्रीचे ११ वाजलेत, माफ करा. शेवंती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसलीये. श्वासाबरोबर शेपूट वरखाली होतंय. दांडीवर चढता येत नाही. दुसरं अंडं अडकलंय बहुतेक. नेहमीच्या दवाखान्यात पक्षी बघत नाहीत म्हणाले. कोणाची गाडी आहे का?

सलीमभाई (सी-५०१): खाली येतोय. खोक्यात टॉवेल घाला, गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवा, अंगाला नको. पोट अजिबात दाबू नका, अंडं आत फुटलं तर जीव जातो.

देशपांडे काका (बी-४०२): माझ्या भाच्याच्या ओळखीत पक्ष्यांचे डॉक्टर आहेत. फोन लावून दिलाय, ते थांबलेत. निघा.

*— गुरुवार —*

मेघना (बी-३०२): कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, रात्रभर उबेत ठेवलं. पहाटे पाचला अंडं आलं. कवच मऊ, बोटाने दाबलं तर खड्डा पडेल असं. डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत थांबलो असतो तर हाती लागली नसती. वारंवार असं झालं तर अंडी थांबवणारी औषधं असतात, ती तेच ठरवतील. काका, सलीमभाई, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

देशपांडे काका (बी-४०२): काकू विचारताहेत, काही खाल्लं का तिने?

मेघना (बी-३०२): दोन दाणे राळ्याचे.

*— तीन आठवड्यांनी —*

देशपांडे काका (बी-४०२): मेघना, चार दिवस आवाज नाही. ठीक आहे ना ती?

मेघना (बी-३०२): हो काका. एकूण चार अंडी झाली. १९ दिवस बसली, मग आपणहून उठून दांडीवर गेली, परत वळून पाहिलं नाही. दोन दिवस थांबून अंडी काढली. आता सातला झोपते, सातला उठते. काल आईंच्या गुडघ्यावर येऊन बसली आणि मान खाली घातली. आई एका बोटाने तुऱ्यामागे खाजवत होत्या, दुसरा हात मुद्दाम पाठीमागे धरून.