मदत हवी आहे: एक जनुक निकामी झालं की मेंदूची वाढ कशी बिघडते, हे फळ्यावर कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. मुलांसाठी व्हिएन्नातला २०१३ चा प्रयोग मराठीत लिहून काढतेय. मॅडलिन लँकेस्टर, युर्गन नोब्लिख आणि सहकाऱ्यांनी मायक्रोसेफली (मेंदू आणि डोकं फारच लहान राहण्याचा विकार) असलेल्या रुग्णाच्या त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी बनवल्या आणि त्यांतून मेंदूच्या ऊतीचे इवले गोळे वाढवले. रुग्णात सीडीके५आरएपी२ हे जनुक निकामी होतं. गोळे लहानच राहिले. कारण मोठं विलक्षण आहे: पूर्वज पेशींनी आधी स्वतःची संख्या वाढवायची, मग चेतापेशी व्हायचं. इथे त्या वेळेआधीच चेतापेशी झाल्या. पेरणीआधीच बियाणं खाऊन टाकावं तसं! (उंदरात हे इतकं ठळक दिसत नाही, म्हणून मानवी ऊतीचं मोल.)

माझं अडतं ते पुढे. या जनुकाचं प्रथिन सेंट्रोसोमशी (पेशी विभागताना तंतूंची मांडणी करणाऱ्या पेशीतल्या भागाशी) जोडलेलं असतं, आणि पेशी कुठल्या दिशेने विभागणार हे ठरण्यात त्याचा हात असतो. पण दिशा बदलल्याने पेशीचं भवितव्य का बदलतं, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना कसं समजावू? कुणाकडे सोपी आकृती आहे का?

शिवाय पीटेन हे दुसरं एक जनुक काढलं की गोळे उलट मोठे होतात, त्यांना घड्या पडतात. दोन्ही गोष्टी एकाच आकृतीत बसवता येतील का?