एकच जास्तीचा फ्लॅट असेल तर तो भाड्याने द्यावा की कुलूप लावून ठेवावा?

पुणेरी_मालकीण

वारजेतला आमचा दुसरा फ्लॅट पुढच्या महिन्यात रिकामा होतोय. या वेळी तो कुणालाच द्यायचा नाही, असं माझं मत झालंय. घरच्यांना ते पटत नाही, म्हणून इथे मांडते.

आधी हिशेब. आजचा भाव साधारण ८० लाख, भाडं २४ हजार. म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार. त्यातून मेंटेनन्स ४२ हजार आणि घरपट्टी १५ हजार. (स्वतः राहत असाल तर महापालिका ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिला की ती गेली.) एजंटचं एक महिन्याचं भाडं, दोन भाडेकरूंच्या मधे रिकामा जाणारा महिना, शिवाय रंग, प्लंबर, गिझर. हातात पावणेदोन लाखांच्या आसपास उरतात. ८० लाखांवर सव्वादोन टक्केसुद्धा नाही. बँकेत एफडी केली असती तर काय मिळालं असतं ते तुम्हीच काढा.

आणि मनस्ताप वेगळाच. आधीच्या भाडेकरूने शेवटचे दोन महिने भाडंच दिलं नाही. "डिपॉझिटमधून वळते करून घ्या" एवढा मेसेज. डिपॉझिट होतंच दोन महिन्यांचं! मग स्वयंपाकघरातल्या तुटलेल्या ट्रॉल्या आणि थकलेलं लाइटबिल कशातून वळतं करायचं? मीटर माझ्या नावावर, त्यामुळे बिल मीच भरलं. दहा-वीस फ्लॅट असणाऱ्याला असा एखादा भाडेकरू खपून जातो. माझा एकच फ्लॅट, म्हणजे माझा शंभर टक्के धंदा बुडाला.

बिऱ्हाड_पाठीवर

ताई, दुसरी बाजू ऐका. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं लोक का देत नाहीत? कारण डिपॉझिट परत मिळत नाही. घर सोडताना चकाचक करून द्या, तरी "रंगाचे २० हजार कापले" हे ठरलेलं. दोन-तीन वर्षं माणसं राहिली की भिंती मळणारच, त्याचंच तर भाडं घेता ना? उरलेले पैसे "पुढचा भाडेकरू आला की देतो". तोवर आम्ही नव्या घराचं डिपॉझिट उसनं आणून भरलेलं असतं. मनस्ताप एकट्या मालकालाच होतो असं नाही.

घर बघायला गेल्यावरचे प्रश्न तर सांगूच नयेत. पगार किती हे विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण "आडनाव काय?" आणि पाठोपाठ "नॉनव्हेज खाता का?" हे कशासाठी? आडनाव सांगितल्यावर "अहो, कालच दुसऱ्यांना दिला" असं फोनवर ऐकलेला मी एकटा नसेन.

पुणेरी_मालकीण

आडनावाचं मी कधी विचारत नाही, त्यामुळे ते माझ्या खात्यावर टाकू नका. रंगाचं म्हणाल तर खिळे मारून भिंतीची चाळण केली असेल तर पैसे कापणार. नुसती भिंत मळली म्हणून कापत नाही.

गिरगावचा_नातू

या सगळ्या भीतीचं मूळ पुण्यात नाही, आमच्याकडे चाळीत आहे. आजोबांची एक लहानशी चाळ. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण मानलं आणि ते जवळपास तिथेच गोठवलं. एका खोलीच्या भाड्यात महिन्याचा चहासुद्धा निघायचा नाही. भाडेकरू मात्र खोल्या पगडीवर (ताबा सोडताना नव्या माणसाकडून एकरकमी पैसे घेऊन) फिरवून लाखो रुपये मोजून घ्यायचे. जिना पडायला आला तरी दुरुस्ती कोण करणार? मालकाकडे पैसा नाही, आणि भाडेकरू म्हणणार की इमारत मालकाची. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही गोठवलेली भाडी आता अवाजवी झाली आहेत. त्यानंतर १९९९ चा नवा भाडे कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. दीडशे रुपयांवर ४ टक्के म्हणजे सहा रुपये. घ्या, चैन करा!

आणि 'लिव्ह अँड लायसन्स'वर (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) तरी लोक का बिचकतात? १९७३ साली जुन्या कायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जे लायसन्सवर राहत होते ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले, म्हणजे त्यांना सहज उठवता येईना. माझ्या वडिलांच्या पिढीने त्यावरून एकच धडा घेतला: घर बंद ठेवा, पण कुणाला देऊ नका. ताई, मी तुमच्या बाजूचा आहे.

बिऱ्हाड_पाठीवर

४ टक्के वाढ कायद्यात आहे म्हणता, मग आम्हाला दर वर्षी १० टक्के का वाढवतात?

कोर्टाची_पायरी

ते ४ टक्के जुन्या, संरक्षित भाडेकरूंसाठी. लिव्ह अँड लायसन्समध्ये करारात जे लिहिलंय ते चालतं. १० टक्क्यांवर सही केलीत, तर १० टक्के द्यायचे.

पण गिरगावकरांचा १९७३ चा बागुलबुवा आता सोडा. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ मालकाच्या बाजूने आहे. लायसन्सची मुदत संपल्यावर माणूस उठला नाही, तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समोरच्याला बाजू मांडायलाही आधी परवानगी मागावी लागते. मुदत संपल्यापासून घर सोडेपर्यंत भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. लोक पूर्ण कायदा वाचत नाहीत, चाळीतल्या गोष्टी मात्र ऐकतात.

अट एकच, करार लेखी आणि नोंदवलेला हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नोंदवला नाही, तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी हजार-दोन हजार वाचवायला नुसती नोटरी करून मोकळे होणारे मालक रोज भेटतात. अकरा महिन्यांच्या करारातही काही जादू नाही. ६० महिन्यांपर्यंतचा करार पाव टक्का मुद्रांक शुल्कात होतो, आणि अंगठे घरबसल्या घेतले जातात.

पुणेरी_मालकीण

कलम २४ मला माहीत आहे. पण ते मुदत संपल्यावरचं. माझा माणूस मुदत संपायच्या आत भाडं थकवून बसला होता. आदेश मिळेपर्यंतचे हेलपाटे, वकिलाची फी आणि तोवर अडकलेलं घर यांचा खर्च कायद्याच्या पुस्तकात छापलेला नसतो. दोन महिन्यांच्या भाड्यासाठी वकील लावायचा, तर तो त्याहून जास्त घेतो. म्हणून लहान मालक गप्प बसतो, आणि भाडेकरूला ते पक्कं ठाऊक असतं.

चक्रवाढ

ताईंचा हिशेब अर्धाच आहे. घर बंद ठेवलं म्हणून मेंटेनन्स आणि घरपट्टी थांबणार नाही. वरचेच आकडे धरले तर वर्षाला ५०-५५ हजार खिशातून जाणारच. म्हणजे तुलना पावणेदोन लाख आणि शून्य यांची नाही, पावणेदोन लाख आणि उणे अर्धा लाख यांची आहे. एफडीचं व्याज पूर्ण करपात्र असतं. भाड्यातून घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग रंगाला रुपया खर्च करा अथवा करू नका. ८० लाख मोकळे करून एफडी करायची असेल, तर फ्लॅट विकावा लागेल. ते तुम्ही करणार नाही, कारण भाव वाढण्याची आशा आहे. मग त्या आशेचा आकडाही हिशेबात धरा.

शिवाय बंद घराची पावसाळ्यात काय कळा होते ते बघितलंय का? भिंतींना बुरशी, दारांना वाळवी.

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या वर घरं रिकामी निघाली होती. सगळे मालक ताईंसारखे घाबरून कुलूप लावून बसले, तर भाडी चढतील नाहीतर काय होईल?

एकटीच_राहते

मालकापेक्षा सोसायटी भारी पडते. दोनदा मालकीणबाई द्यायला तयार होत्या, सेक्रेटरी काकांनी "एकट्या मुलींना द्यायचं नाही असा ठराव आहे" म्हणून आडवं घातलं. ठराव दाखवा म्हटलं तर दाखवत नाहीत.

कोर्टाची_पायरी

दाखवणार कुठून! पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं आणि कराराची प्रत सोसायटीला देणं, एवढं मालकाने जरूर करावं. कुणाला घर द्यायचं ते सेक्रेटरी ठरवत नाही. बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) मनाला येईल तेवढं लावता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. ताई, तुमच्या बिलात किती लावलंय ते एकदा तपासा.

पुणेरी_मालकीण

तपासलं. जास्त लावलंय. उद्या भांडते.

जर्सीतला_सांगलीकर

आम्हा परदेशी मालकांची आणखी एक गंमत. मालक अनिवासी असेल, तर भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे मालकाचा आयकर, आधीच कापून सरकारात भरायचा असतो. हे सांगितलं की चांगला भाडेकरूही पळतो, न सांगावं तर उद्या तो अडकतो. आमचं सांगलीचं घर त्यापायी सध्या मावसभावाच्या भरवशावर आहे.

बिऱ्हाड_पाठीवर

ताई, मला सप्टेंबरपर्यंत वारजे-कर्वेनगर भागात घर हवंच आहे. बायको, मी आणि एक मुलगी. मासे खातो. पाच वर्षांचा नोंदवलेला करार करा, रंगाचे पैसे कापणार नाही हे त्यात घाला, मी बघायला येतो.

पुणेरी_मालकीण

मासे खा. रंगाचंही लिहून देते. पण शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं होणार नाही हे तुम्ही लिहून द्यायचं. आणि लाइटबिलाची पावती दाखवल्याशिवाय डिपॉझिट नाही.

बिऱ्हाड_पाठीवर

चालेल. मग किल्ली दिल्यापासून किती दिवसांत डिपॉझिट परत मिळणार तो आकडाही करारात हवा.

पुणेरी_मालकीण

तीस.

बिऱ्हाड_पाठीवर

सात.