मदत हवी आहे: पिर्के आवोत हा ज्यू गुरूंच्या वचनांचा ग्रंथ मराठीत कोण समजावेल?

शालोम मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता ठाण्यात. कोकणात आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, काम बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. मी मात्र बावीस वर्षं हिशेबाच्या नोंदी करतेय, आणि हल्ली सकाळी डबा भरतानाच हात जड होतात.

परवा वडिलांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात मेणाचे डाग पडलेल्या पानावर स्तोत्र 128 दिसलं. आपल्या हातच्या कष्टाचं खाणारा सुखी, असं त्यात आहे. खूप वेळ ते पान मिटवलं नाही.

पिर्के आवोतमध्ये रब्बी (धर्मगुरू) तार्फोन म्हणतात, काम पुरं करणं तुझ्यावर नाही, पण ते टाकून द्यायचीही मोकळीक नाही. याने धीर येतो. त्याच ग्रंथातले दुसरे गुरू शमाया मात्र सांगतात, कामावर प्रेम कर. ते कसं करायचं, तिथेच मी अडते. रब्बी योहानान हा-सांदलार तर चपला शिवायचे म्हणतात!

पिर्के आवोतचा सोप्या टिपांसह मराठी अनुवाद कुणाकडे आहे का? इस्राएलमधल्या लोद, अश्दोदच्या मंडळींनी हिब्रूतून उलगडून सांगितलं तरी चालेल. आणि रोज तेच ते काम करताना तुम्ही कोणतं वचन मनाशी धरलंत, तेही कृपया लिहा.