पांढरं मॉडेल आधी की मटेरियल आधी? घराच्या रेंडरबद्दल (मॉडेलवरून संगणकाने काढलेल्या चित्राबद्दल) चर्चा

ओळंबा
भिंती, स्लॅब, जिना, खिडक्या पूर्ण होऊन सूर्य नीट बसेपर्यंत घराच्या मॉडेलला एकही मटेरियल (पृष्ठभागाचा रंग-पोत) लावू नये, असं माझं ठाम मत आहे. सगळं एकाच पांढरट रंगात ठेवा, म्हणजे क्ले रेंडर. टाइल्स, लाकूड, लॉन टाकलं की नजर तिकडे जाते आणि मॉडेलमधल्या चुका तशाच राहतात.

स्केचअप या मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणून नुसता एक फेस, म्हणजे जाडी नसलेला पृष्ठभाग, उभा केला असेल, तर भिंत आणि स्लॅबच्या सांध्यातून उजेड आत झिरपतो आणि छताच्या कोपऱ्यात पांढरी रेघ उमटते. क्लेमध्ये ती लगेच दिसते. म्हणून २३० मिमीची भिंत २३० मिमीचीच काढा, ती स्लॅबच्या तळाला भिडू द्या आणि वरचा १२५ मिमीचा स्लॅब सलग ठेवा. खिडकीचंही तसंच. तीन ट्रॅकची अ‍ॅल्युमिनियम चौकट बाहेरच्या प्लास्टरशी सपाट बसवली तर दर्शनी भाग पुठ्ठ्यासारखा दिसतो. ती ६०-७० मिमी आत घ्या, मग खिडकीच्या कडेला सावली पडते आणि भिंतीची जाडी कळते. उलटे फेसही, म्हणजे मागची बाजू बाहेर आलेले, याच टप्प्यावर तपासा. मोनोक्रोम स्टाइलमध्ये (मटेरियलचे रंग न दाखवणाऱ्या) जे निळसर दिसतात ते उलटे, त्यांना रिव्हर्स फेसेस करा. नंतर टेक्स्चर (पोताचं चित्र) लावल्यावर हे शोधणं फार जिकिरीचं होतं.

एक पथ्य मात्र पाळा: क्लेचा रंग २५५, म्हणजे शुद्ध पांढरा, ठेवू नका. आरजीबी (लाल, हिरवा, निळा, तिन्ही) २३० म्हणजे सुमारे ७९ टक्के परावर्तन, ताज्या पांढऱ्या रंगाच्या भिंतीइतकं. २५५ ठेवलं तर प्रकाश कुठेच शोषला जात नाही, खोली धुरकट पांढरी होते आणि नॉइजही (चित्रातले दाणे) वाढतो.

चुनखडी
ओळंबा, बाहेरच्या दृश्यापुरतं मान्य. आतल्या खोलीसाठी ही पद्धत सरळ दिशाभूल करते, आणि त्याचं कारण तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे.

बंद खोलीत प्रकाश भिंतीवरून भिंतीवर उड्या मारतो. सगळ्या पृष्ठभागांचं परावर्तन ०.८ असेल तर त्या उड्यांची बेरीज १ भागिले (१ वजा ०.८), म्हणजे ५ पट होते. तेच ०.५ असेल तर २ पट. आता खरी खोली बघा: खाली गडद कोटा फरशी, ओट्यावर काळा ग्रॅनाइट किंवा कडप्पा, सागवानी रंगाचं वॉर्डरोब, खिडकीला जाड पडदे. सरासरी ०.८ च्या जवळपासही जात नाही. क्लेमध्ये लख्ख उजळलेलं स्वयंपाकघर मटेरियल लावल्यावर काळोखं होतं. मग माणूस काय करतो? दिव्यांचे आकडे वाढवतो. ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो, त्याला ३००० दिले की छतावर जळका डाग पडतो आणि घरमालकाला वाटतं, प्रत्यक्षातही इतकाच उजेड असेल. चार दिव्यांत भागणार नाही हे त्याला रंगकाम झाल्यावर कळतं.

दुसरं, रंगाची झाक. हिरवट कोट्यावरून उडालेला प्रकाश पांढऱ्या छताला किंचित हिरवं करतो, लाकडी फरशी तांबूस करते. क्लेमध्ये हे शून्य. म्हणून आतल्या दृश्यात फरशी, भिंत, छत आणि मोठं फर्निचर या चार गोष्टींना पहिल्या दिवसापासून खऱ्याच्या जवळचा साधा रंग द्या. टेक्स्चर नको, नुसता रंग पुरे.

ओळंबा
चुनखडी, पाच पटीचा हिशेब बंद खोलीचा आहे. खिडकीतून प्रकाश बाहेरही जातो, तेव्हा खऱ्या खोलीत फरक इतका टोकाचा नसतो. पण दिशा बरोबर आहे, हे मानतो. आतल्या खोलीला क्लेचा रंग २३० ऐवजी १८८ घेतला तर परावर्तन ५० टक्के होतं आणि अंदाज बराच जमिनीवर येतो.

क्लेमध्ये आतला उजेड चुकण्याचं खरं कारण बहुतेकदा काच असतं. ओव्हरराइड (सगळ्याला एकच क्ले मटेरियल लावणारी सोय) चालू केलं की काचही अपारदर्शक होते आणि खोलीत सूर्य शिरतच नाही. व्ही-रे या रेंडर काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काचेच्या मटेरियलमधलं ‘कॅन बी ओव्हरराइडन’ बंद करा, आणि रिफ्रॅक्शनमधलं ‘अफेक्ट शॅडोज’ चालू आहे ना ते बघा, म्हणजे काचेतून ऊन आत येईल. ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडरमध्ये व्ह्यू लेयरचं ओव्हरराइड सरसकट सगळ्यांना लागतं, तेव्हा क्ले काढताना काचांचं कलेक्शन (गट) रेंडरमधून लपवणं हाच सोपा मार्ग.

सावलीमाप
दोघेही सूर्य ‘नीट बसलाय’ असं गृहीत धरताय. बहुतेक फाइलींत तो बसलेला नसतो. स्केचअपमध्ये स्थळ दिलं नाही तर मूळ टेम्प्लेट अमेरिकेतलं बोल्डर धरतं, अक्षांश ४० उत्तर. तिथे डिसेंबरात दुपारचा सूर्य जेमतेम २६-२७ अंशांवर असतो. पुण्यात, १८.५ अंशांवर, तोच ४८ अंशांवर असतो. त्या लांब सावल्या दिसतात छान, पण त्या पुण्याच्या नाहीत.

दक्षिणेच्या खिडकीचं उदाहरण घ्या. लिंटेल (खिडकीची वरची कड) २१०० मिमीवर, सिल (खालची कड) ९०० वर, खिडकी १२०० उंच, वर लगेच ६०० मिमीचा छज्जा. २१ मार्चला पुण्यात माध्यान्हीला सूर्य ७१.५ अंशांवर, छज्जाची सावली सुमारे १८०० मिमी खाली उतरते, म्हणजे पूर्ण खिडकी सावलीत. २१ डिसेंबरला ती ६७० मिमीच उतरते आणि खालच्या ५३० मिमीतून ऊन आत येतं. २१ जूनला तर माध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला जातो आणि दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊनच लागत नाही. तुमच्या मॉडेलमध्ये हे तीन आकडे जुळले नाहीत, तर स्थळ, टाइमझोन किंवा उत्तर दिशा चुकली आहे. टाइमझोन यूटीसी +५:३० हवा. पुण्याची खरी माध्यान्ह घड्याळात १२ वाजता नसते, जूनमध्ये ती साधारण १२:३५ ला येते. आणि ऑटोकॅडमधून आणलेला प्लॅन बहुतेकदा कागदाला समांतर असतो, उत्तरेला नाही.

ही तपासणी क्लेवरच करावी, इथे मी ओळंबांच्या बाजूने. पण एचडीआरआय (दृश्याला प्रकाश देणारा आकाशाचा फोटो) लावलीत तर तिच्यातला सूर्य आणि सॉफ्टवेअरचा सूर्य असे दोन होतात आणि प्रत्येक खांबाला दोन सावल्या पडतात. एकच ठेवा. शिवाय आपल्याकडे चार महिने आभाळ भरलेलं असतं. ढगाळ एचडीआरआयवर एक दृश्य काढल्याशिवाय बाहेरचा रंग पक्का करू नका, उन्हात खुलणारा करडा पावसाळ्यात मळका दिसतो.

कौलारू
कोकणातल्या उतरत्या छपराच्या घरांना ‘मटेरियल नंतर’ हा नियम लागूच पडत नाही. मंगलोरी कौलं आणि जांभा हे मटेरियल नाहीत, तो घराचा आकार आहे. सपाट उतरत्या स्लॅबवर क्ले काढून सावली कसली तपासणार? कौलांचे उंचवटे आणि पागोळीची नागमोडी कड हीच तिथली मुख्य सावली.

४१० x २३५ मिमीचं एक कौल नीट मॉडेल करा, त्याचा कंपोनंट (एकाच मूळ वस्तूच्या जोडलेल्या प्रती) करा, व्ही-रे असेल तर प्रॉक्सी (रेंडरच्या वेळीच उघडणारी हलकी प्रत) करा आणि मग ओळी रचा. चौरस मीटरला साधारण १५ कौलं धरली तर १२० चौरस मीटरच्या छपराला १८०० लागतात. प्रती एकाच कंपोनंटच्या असतील तर मेमरीवर भार येत नाही. तीच कौलं एक्सप्लोड केली, म्हणजे कंपोनंट मोडून सुटी केली, की फाइल गुदमरते. प्रत्येक कौल अर्धा-एक अंश इकडेतिकडे फिरवा, नाहीतर छप्पर प्लास्टिकचं वाटतं. जांभ्याला नुसता बम्प (खडबडीतपणाचा फक्त भास) पुरत नाही. कोपऱ्याची कड सरळ रेघच राहते. दर्शनी भिंतीपुरतं डिस्प्लेसमेंट (खरोखर उंचवटे काढणारं) वापरा, मागच्या भिंतींना नको.

चुनखडी
कौलारूंनी माझंच म्हणणं पुढे नेलं. ओळंबा, १८८ चा राखाडी घेतलात म्हणजे सरासरी मटेरियल लावलंतच की! मग फरशीला वेगळा आणि भिंतीला वेगळा रंग द्यायला अडचण कसली?

आणि कुठल्याही पद्धतीत एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) ऑटोवर सोडू नका. ऑटो असेल तर क्ले आणि मटेरियलवालं, दोन्ही चित्रं सारखीच उजळ दिसतात आणि ही सगळी तुलना वाया जाते. बाहेर उन्हाला १४ च्या आसपास ईव्ही (एक्स्पोजरचा आकडा), दिवसा खोलीत ८ ते १०, आणि एकदा ठरवलं की दोन्ही रेंडरना तेच. खोली अंधारी आली तर ईव्हीला हात लावण्याआधी खिडकीचं माप तपासा. १० बाय १२ फुटांच्या खोलीला ९०० मिमीची एकच खिडकी असेल, तर चित्र बरोबर आहे आणि प्लॅन चुकला आहे.

ओळंबा
एक्स्पोजर लॉक करण्याचं शंभर टक्के मान्य. फरशीच्या रंगाचं अजून नाही. ग्राहक पहिल्याच चित्रात फरशीच्या छटेवर अडकतो, आणि जिन्याच्या १९० मिमीच्या पायऱ्यांवर बोलायचं राहून जातं. ते चित्र ग्राहकाला दाखवायचंच नसेल, तर तुमची पद्धत वापरा.