मदत हवी आहे: रफार-रकाराचा गोंधळ, चौथीतला मुलगा

चौथीतला मुलगा. तोंडी उत्तरं चोख, पण वाचताना अडखळतो. डोळे-कान तपासलेत, दोष नाही. 'घर'-'धर'चा घोळ सरावाने कमी झाला. खरी अडचण 'कर्म' (रफार) आणि 'क्रम' (रकार) यांत आहे: रफाराचा र उच्चारात म-च्या आधी येतो, पण डोळ्यांना म-च्या डोक्यावर दिसतो. पहिली वेलांटीही तशीच, आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. दहा-दहा वेळा लिहून घेतल्याने फक्त हात दुखतो, म्हणून ते बंद केलंय. सध्या रोज 15 मिनिटं आधी टाळी वाजवून शब्दाचे उच्चारानुसार तुकडे पाडणं (कर्-म), मग रव्यात बोटाने लिहिणं.

रकार पक्का झाल्यावरच रफार घ्यावा का? मध्ये किती अंतर ठेवता? विशेष शिक्षकांनी कृपया क्रम सांगावा. लेकरू आता पुस्तक पाहिलं की गप्प होतं.